अपिलात दुखणं नको, कारण मांडा

लष्करी नर्सिंग सेवेतून किंवा मिलिटरी पोलिसातून बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, होतो. त्याचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढणं) असो, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) असो की अंग बाहेर येणं, शेरा बहुतेकदा ठरलेला: 'एनएएनए'. म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही, नोकरीत वाढलाही नाही. या शेऱ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारतात, आणि मग अपील करावं लागतं. कारणाच्या रकान्यात 'प्रकृतीचा दोष' नाहीतर 'पीस स्टेशनवर सुरुवात', म्हणजे सीमेपासून दूर, शांत ठाण्यावर असताना.

पहिल्या अपिलात बहुतेकजणी किती सोसलं ते दोन पानं लिहितात. त्यानं शेरा हलत नाही. कारणाचा रकाना फोडायचा असतो. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हा आजार नोंदलेला नसेल, तर पुढे झालेल्या आजाराचा नोकरीशी संबंध का नाही, याची कारणं बोर्डानंच द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये धर्मवीर सिंग प्रकरणात सांगितलं, तेही १९८२ च्या नियमांवर. नुसतं 'पीस स्टेशन' हे कारण पुरत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये म्हटलं. २१ सप्टेंबर २०२३ ला किंवा नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम, म्हणून आधी आपली तारीख बघा.

फायब्रॉइड 'नोकरीमुळे झाला' हे पटवणं अवघड; 'नोकरीत वाढला' हे जास्त टिकतं. समजा मार्चमध्ये पाळीच्या जास्त रक्तस्रावाची तक्रार, हिमोग्लोबिन ८, लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवणी, आणि सोनोग्राफी थेट पुढच्या वर्षी, बदली झाल्यावर. त्या दोन तारखांमधलं अंतर हाच पुरावा. अंग बाहेर येण्याला बोर्ड बाळंतपणांकडे बोट दाखवतो. तिथं रुग्ण उचलण्याची ड्युटी, वॉर्ड, वर्षं लिहा. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडांची झीज वेगळा आजार म्हणून मागा. टक्केवारी एकत्र धरतात, आणि मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना २० टक्क्यांच्या खाली काही मिळत नाही.

बेळगावात सगळेच कागदांसाठी मराठा सेंटरकडे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे, धावतात. मिलिटरी पोलिसातल्यांची फाइल मात्र त्यांच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते, नर्सिंग अधिकाऱ्यांची लष्कराच्या मुख्यालयात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण कायद्यानं तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो. इथं ती कन्नड. शेजारी महाराष्ट्रातल्या चंदगडात मराठी चालते, इथं नाही, काय करणार! लग्नानंतरचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे लष्कराच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशात, चढलंय का, तेही बघा. माहेरच्या नावाचे सोनोग्राफीचे रिपोर्ट त्यावाचून तुमचे धरत नाहीत.

नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, त्याच्या नकारापासून सहा महिन्यांत दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. राहतं घर चंदगडात असेल तर मुंबई खंडपीठ. बेळगावकरांना नुसत्या राहत्या पत्त्यावर तिथं जाता येत नाही. मुदत उलटली म्हणून दावा मरत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपलीकडची थकबाकी हातची जाऊ शकते.