खाडीतल्या होडीवर टॅबलेट

समुद्रावर मार्ग दाखवणारा तयार चार्टप्लॉटर लहान फायबरच्या होडीच्या मालकाला सहसा परवडत नाही, आणि म्हणूनच बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्याकडून निघणाऱ्या आमच्या होडीवर आम्ही साधा टॅबलेट लावला आहे. तो उत्तम काम देतो, असे मी खात्रीने सांगतो. मात्र त्याच्याकडून काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, हे आधी पक्के ठरवावे लागते.

टॅबलेट घेताना सर्वप्रथम त्यात जीपीएस आहे का ते पाहावे. केवळ वायफायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये ते नसते, सिमकार्डाच्या आयपॅडमध्ये असते. अँड्रॉइडमध्ये मॉडेलनुसार फरक पडतो. उपग्रहांकडून ठावठिकाणा मिळवायला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशे उतरवून घ्यायला, आणि ते काम घरूनच उरकून निघावे.

वाचलेल्या पैशांतला काही भाग टॅबलेटच्या संरक्षणावर खर्च करणे मला अत्यावश्यक वाटते. आयपॅड 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या चौकटीतला पडदा तापतो, आधी त्याचा उजेड मंदावतो आणि मग यंत्र स्वतःच बंद पडते. त्यामुळे टॅबलेट सुकाणाजवळच, पण सावलीत आणि वारा लागेल असा बसवावा. खाऱ्या पाण्याचे थेंब काचेवर पडले की पडदा त्यांना बोट समजतो, नकाशा आपोआप सरकतो आणि नेमक्या वळणावर होडीची खूण दिसेनाशी होते. जलरोधक पिशवी, हाताशी कोरडे फडके आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवरून चार्जिंगची सोय एवढे हवेच. होकायंत्र आणि छापील नकाशाही होडीवर असू द्यावेत, कारण टॅबलेट बंद पडला तर वेळ निभावून न्यायला तेच उपयोगी येतात.

नकाशासाठी मी ओपनसीपीएन हे नकाशावर होडीची जागा दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो. ते संगणकावर मोफत आहे आणि अँड्रॉइडवरही चालते. नकाशे मात्र वेगळे मिळवावे लागतात. आपल्याकडचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करते. मोकळ्या आकाशाखाली जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक ठिकाण देते, तर 1:25000 प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे साडेबारा मीटर होतात. पडदा बोटांनी कितीही मोठा केला, तरी मूळ सर्वेक्षणात नसलेला तपशील त्यात येत नाही. खाडीतले जाळ्यांचे खुंट तर कोणत्याच नकाशावर नसतात, त्यामुळे नजर पाण्यावरच हवी. अटल सेतूखालून बंदराकडे गेल्यावर मोठी जहाजे लागतात. इंटरनेटवरून जहाजांची जागा दाखवणारी अ‍ॅप्स उशिराची माहिती देऊ शकतात, म्हणून टक्कर टाळण्यासाठी त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

खरा प्रश्न होडीखाली पाणी किती आहे, हा असतो. नकाशावरची खोली ही अगदी नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, आणि त्या वेळची भरती तिच्यात मिळवावी लागते. नकाशावर एक मीटर लिहिले असेल आणि भरती तक्त्यानुसार पाऊण मीटर असेल, तर पाणी पावणेदोन मीटर. भरती साडेतीन मीटर असेल, तर त्याच जागी साडेचार मीटर. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक असतो, त्यामुळे दुपारी बिनधोक पार केलेल्या जागी संध्याकाळी उघडा चिखल दिसू शकतो. शिवाय तक्ता दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराचा असतो, आणि खाडीत वर जावे तशी भरती उशिरा पोहोचते.

म्हणूनच टॅबलेटचा सर्वांत मोठा उपयोग मला तयार नकाशात नव्हे, तर आपल्या मार्गाची नोंद ठेवण्यात दिसतो. कोळीवाड्यातल्या अनुभवी तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाला, विनंती करून ओहोटीच्या वेळी त्याच्याबरोबर जावे, तो होडी कुठून काढतो ते सारे टॅबलेटवर नोंदू द्यावे, आणि परतल्यावर नोंदलेल्या मार्गाच्या रेघेला तारीख, वेळ व भरतीची उंची लावून ठेवावी. "मामा, इथे बाहेरून का घेतलंत?" असे विचारले, तर गाळाचा उंचवटा, जुना खुंट किंवा पाण्याची ओढ असे कारण कळते, तेही त्याच जागी टिपून ठेवावे. ओहोटीतही निभावलेली वाट भरतीत अधिकच सुरक्षित असते. उलट, उधाणाच्या भरतीत नोंदलेल्या रेघेवर ओहोटीला भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे भरतीची उंची न लिहिलेली रेघ मी ठेवतच नाही.

पावसाळ्यात गाळ सरकतो. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरवली की आधी हळू वेगात, चढत्या भरतीला जुन्या वाटेने जावे आणि नवी रेघ घ्यावी. चढत्या भरतीला अशासाठी की होडी रुतलीच, तर थोड्या वेळात वाढते पाणी तिला उचलते. जुनी रेघ पुसू नये. दोन्ही रेघा एकाच पडद्यावर ठेवल्या, की कुठल्या वळणावर वाट बदलावी लागली ते लगेच दिसते, आणि पुढच्या फेरीत तिथली खोली बांबूने किंवा दोरीला वजन बांधून मोजता येते.