तुम्ही विचारलंत म्हणून: अलीकडे पाहिलेले चित्रपट

अलीकडे काय पाहिले आणि त्यातले आम्ही काय पाहावे, असे ओळखीची माणसे मला हटकून विचारतात. भयपट, प्रेमकथा, कौटुंबिक चित्रपट आणि गुन्ह्याची गोष्ट या सगळ्यांना तुम्ही एकच माप कसे लावता, अशी शंकाही बरेचजण त्याला जोडून काढतात. माझे माप खरोखरच एक आहे. पात्रांकडे आधी नीट पाहू देणारा आणि त्यांच्याविषयी काय वाटून घ्यायचे हे माझ्यावर सोपवणारा चित्रपट मला आवडतो. त्याचा प्रकार कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

या मापाला सर्वांत पुरा उतरलेला चित्रपट म्हणजे जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता कॉलेजात शिकते आहे, तिला पुढेही शिकायचे आहे आणि घरात मात्र एकामागून एक स्थळे येत आहेत. सुरुवातीला तिला स्वप्न पडते, त्यात बायका बसल्या आहेत आणि एका मुलाला प्रश्न विचारले जात आहेत. आपण हसतो. त्यानंतर खरा कार्यक्रम सुरू होतो: सविता पुरुषांनी भरलेल्या खोलीत येऊन बसते आणि नाव, शिक्षण, उंची, आवड असे प्रश्न एकाच सुरात येत राहतात. रंग सावळा आणि उंची कमी, म्हणून नकार येतो आणि काही दिवसांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून होते. सोमलकर ही पुनरावृत्ती कुठेही आटोपती घेत नाहीत, आणि चित्रपटाचे बळ मला तिथेच दिसते. दुसऱ्या वेळी आपण प्रश्नांकडे कमी आणि सविताच्या हातांकडे जास्त पाहू लागतो. पुढे पुढे तर विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहतो आणि त्यांत आपलेच काका-मामा ओळखू येतात. तिच्या वडिलांना चित्रपट खलनायक करत नाही, याचेही मला फार मोल वाटते. कापसाचा भाव आणि मुलीचे लग्न हे दोन्ही हिशेब त्या माणसाच्या डोक्यात एकत्रच चालू असतात.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ ही प्रेमकथा आहे. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात २०२५ साली जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आनंद मुंबईहून गावी जातो, नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याच्या जवळ येतो. मुलगा समलिंगी आहे हे आईला माहीत आहे, आणि भावकीच्या प्रश्नांपासून ती त्याला ज्या साधेपणाने जपते, तसे मराठी पडद्यावर मी यापूर्वी पाहिले नव्हते. काही मित्रांना चित्रपट संथ वाटला. सुतकाच्या घरात वेळ असाच जातो, एवढेच मी त्यांना सांगितले.

‘तुंबाड’ मी पुन्हा पाहिला. राही अनिल बर्वे यांचा हा भयपट २०१८ साली आला तेव्हा त्याला प्रेक्षक बेताचेच मिळाले, सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा मात्र लोकांनी गर्दी केली. भाषा हिंदी असली तरी वाडा, पाऊस, सोन्याची आस हे सगळे आपले आहे. सोन्याचा लोभी राक्षस हस्तर याच्यापेक्षा मला त्याचे सोने पळवणारा विनायक अधिक भयंकर वाटतो, कारण पुरेसे सोने हाती असतानाही तो स्वतःच्या लहान मुलाला त्याच कामासाठी तयार करू लागतो आणि त्यात त्याला काहीच वावगे वाटत नाही. कणकेची ती बाहुली पहिल्यांदा दिसते तेव्हा तिचे काय करायचे असते हे लगेच सांगितले जात नाही, आणि भीती नेमकी त्या विलंबात आहे.

परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ वेगळ्या जातीचा. नवरा आणि त्याची प्रेयसी बायकोचा काटा काढायला निघतात. त्यासाठी नवरा तिला दोघांनी मिळून मरायचे आहे असे पटवतो आणि चक्क तालीम घेतो. विनोद इतका काळा असूनही पाहणाऱ्याचे भान सुटू न देण्याचे काम संवाद चोख करतात. योगायोग जरा जास्त आहेत, पण वेग इतका आहे की ते नंतर आठवतात.

‘बाईपण भारी देवा’विषयी माझे मत अनेकांना रुचत नाही. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात ही कल्पना सुरेख आहे, रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या अभिनेत्री आहेत, आणि २०२३ साली बायका गटागटाने चित्रपटगृहात गेल्या याचा मला मनापासून आनंद झाला. तरीही प्रत्येक दुःख संवादातून समजावून सांगितले जाते आणि पार्श्वसंगीत लगेच त्याला दुजोरा देते. वंदनाताईंचा नुसता चेहरा जे सांगतो, त्याला त्या वाक्यांची गरज नव्हती.

यांतला एकच पाहायचा असेल तर ‘स्थळ’ पाहा, आणि घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर सगळे मिळून पाहा. मुलगा तुमचा असेल तर बैठकीला निघण्याच्या आधी.