तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊ का?

बारावीचा निकाल लागला की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये लॅपटॉप बघणाऱ्यांची वर्दळ वाढते, आणि मला फोन सुरू होतात. कुणी चोपड्याहून, कुणी अमळनेरहून. "भाऊ, हाऊ स्नॅपड्रॅगनवाला लेऊ का नको?" म्हणजे क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन या नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप घ्यावा का. दुकानदाराने सांगितलेलं असतं की बॅटरी दिवसभर पुरते, मशीन तापत नाही, आणि तेवढ्याच पैशात येतं. यातलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच निर्णय अवघड होतो.

मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारतो. तुमच्या कामातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती? प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, जुनं मराठी टायपिंगचं डोंगल, दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर, काहीही असेल. घ्यायचा की नाही, हे तिच्यावरून ठरतं.

कारण असं. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर १९७८ च्या ८०८६ या चिपच्या घराण्यातले. विंडोजवरची बहुतेक सॉफ्टवेअर याच घराण्यासाठी लिहिली गेली. स्नॅपड्रॅगन एक्स हा एआरएम घराण्यातला, म्हणजे तुमच्या मोबाइलच्या चिपचा भाऊबंद. दोघांना समजणाऱ्या सूचनाच वेगळ्या. त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर एआरएमवर चालवायला मध्ये एक दुभाषी लागतो. विंडोज ११ मध्ये आता त्याचं नाव प्रिझम आहे, आणि २०१२ च्या विंडोज आरटीशी तुलना केली तर त्याचं काम खरोखर कौतुकाचं आहे. आरटीवर जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालतच नव्हतं. आता साधी सॉफ्टवेअर अशी चालतात की मध्ये कुणी आहे हे जाणवतही नाही.

पण हा दुभाषी ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र विंडोजला ओळखायला आणि चालवायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात काम करतो, तिथे भाषांतराची सोय नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर काढलेला असला तरच ते यंत्र चालणार. सात-आठ वर्षांपूर्वीच्या प्रिंटरसाठी आता कोण नवा ड्रायव्हर काढत बसेल?

पारोळ्याकडे माझे एक परिचित सेवा केंद्र चालवतात. त्यांनी हौसेने नवा लॅपटॉप आणला. ब्राउझर, एक्सेल, व्हॉट्सॲप सगळं झटपट. मग ठसा घेणारं यंत्र जोडलं. यूएसबी लावल्याचा आवाज आला, यंत्राचा दिवाही लागला, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, त्याच्या नावापुढे अडचण दाखवणारा पिवळा त्रिकोण. इन्स्टॉलर पुन्हा पुन्हा चालवून झाला, तो दर वेळी शेवटच्या पायरीवर थांबे. आधार पडताळणीसाठी बायाबापे बाहेर बाकावर बसलेली. अखेर जुनंच मशीन पुन्हा टेबलावर आलं. त्या दिवशी नव्या लॅपटॉपचा वेग कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

ॲपलचं उदाहरण मला नेहमी ऐकवतात. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ हा त्यांचा एआरएम घराण्यातला प्रोसेसर आला आणि सगळं सुरळीत झालं, मग इथे का नाही? ॲपलने जुनी वाट बंदच केली. २०२३ पर्यंत नव्या मॅकमधून इंटेल हद्दपार झालं, सॉफ्टवेअरवाल्यांना बदलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. विंडोजच्या जगात दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदतात. गावोगाव वापरलं जाणारं छोटं बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला मग घाई कशाची? त्याची सगळी गिऱ्हाइकं अजून इंटेलवरच आहेत.

आता घ्यावा कुणी, तेही सांगतो. मुलगी पुण्याला बीए, बीकॉम करायला निघालीय, काम ब्राउझर, वर्ड, पीडीएफ आणि व्हिडिओ लेक्चरचं आहे, तर जरूर घ्या. युनिकोड मराठी त्यावर व्यवस्थित चालतं. आपल्याकडे वीज जाते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, अशा ठिकाणी कमी वीज खाणारी, कमी तापणारी चिप हे मोठं सुख आहे. चार्जर काढला तरी वेग जवळपास तोच राहतो, हे मला सगळ्यात आवडतं. (चार्जिंगची मर्यादा मात्र ८० टक्क्यांवर ठेवा. ही सोय बहुतेक नव्या मशीनमध्ये असते, आणि पूर्ण चार्ज बॅटरी उन्हाळ्यात तापत राहिली की लवकर म्हातारी होते.)

इंजिनिअरिंगच्या पोरांना मी थांबवतो. कॅडची, म्हणजे आराखडे काढायची मोठी सॉफ्टवेअर, प्रयोगशाळेतल्या बोर्डांचे ड्रायव्हर, जुन्या सीडीवरची सॉफ्टवेअर, यातलं कुठलं कधी अडेल सांगता येत नाही, आणि परीक्षा त्यासाठी थांबत नाही. कर सल्लागार, ई-निविदा भरणारे ठेकेदार, केळीच्या व्यापाराचा हिशेब जुन्या सॉफ्टवेअरवर ठेवणारे रावेर-सावद्याचे आडते, यांनीही आधी टोकन आणि प्रिंटर तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत. बॅटरीच हवी असेल तर त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. इंटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २००व्ही ही मालिका आणली, ती जुन्याच घराण्यातली असून बॅटरीला चांगली आहे. रॅम मात्र चिपसोबतच बसवलेली असते, १६ किंवा ३२ जीबी, नंतर वाढत नाही. स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपमध्येही रॅम साधारणपणे बोर्डावर पक्कीच असते. म्हणून ८ जीबीवर भागवू नका.

तपासायचं कसं? आधी घरी बसून यंत्राच्या कंपनीच्या साइटवर ड्रायव्हरचं पान उघडा. तिथे विंडोज ११ पुढे 'एआरएम६४' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं '६४-बिट' लिहिलं असेल तर ते इंटेलसाठी धरा. वायफायवर चालणारा अलीकडचा प्रिंटर असेल तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर बहुधा पुरतो, यूएसबीवरच्या जुन्या लेझरला तो लागू पडेलच असं नाही. मग टोकन आणि डोंगल बॅगेत टाकून दुकानात जा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडलं की प्रोसेसर एआरएमचा आहे का ते कळतं. तुमचं सॉफ्टवेअर तिथेच डेमो मशीनवर टाकायला सांगा, टोकन लावा, एक खरी सही करून बघा. दुकानदार डेमोवर काही टाकू देत नसेल, तर निदान चाललं नाही तर परत घेईन असं बिलावर लिहून मागा. तेही देत नसेल तर दुसरं दुकान बघा.