कॅनॉलच्या कडेकडेनं

रविवार, माघ महिना

पहाटे साडेपाचलाच जाग आली. बाहेर चांगला गारठा होता. चाकांत हवा रात्रीच भरून ठेवली होती. पिशवीत दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पंक्चरचं सामान. घरात सगळे झोपलेले. कडी आवाज न करता ओढून घेतली आणि सायकल गल्लीत काढली.

आजचा दिवस पेट्रोलशिवाय काढायचा, हे चार दिवसांपासून मनात होतं. गाडीला सायकल बांधून लांब कुठंतरी न्यायची, तिथं दोन तास चालवायची आणि परत गाडीतून यायचं, हे मला पटत नाही. आपल्या उंबऱ्यापासून पायडल मारायला सुरुवात करावी आणि संध्याकाळी त्याच उंबऱ्याशी उतरावं. पैठणला तशी सोय आहे, फक्त डांबरी रस्ता सोडून विचार करावा लागतो. डांबरी रस्त्यावर सध्या उसाच्या ट्रॅक्टरांचं राज्य आहे. एकामागं दोन ट्रॉल्या, वर भरलेला ऊस बाहेर आलेला. ते शेजारून गेले की सायकलवाल्याला खाली उतरण्यावाचून इलाज नसतो.

म्हणून मी कॅनॉल धरते.

पुस्तकात त्याला पैठणचा डावा कालवा म्हणतात. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, भिंतीपासून निघतो आणि जालना, परभणीकडं जातो, एकूण 208 किलोमीटर. त्याच्या भरावावरून खात्याच्या जीपसाठी केलेला कच्चा रस्ता आहे. आता त्यावर जीप क्वचितच दिसते. एखादी मोटारसायकल, शेळ्यांचा कळप, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, एवढीच वर्दळ.

हा रस्ता सायकलला इतका सोपा का जातो, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. पाणी चढ चढत नाही. त्यामुळं कॅनॉल आखताना जमिनीच्या उंचवट्यांना वळसे घालत, जेमतेम उतार देत नेलेला असतो. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी ते देशाला अर्पण केलं. त्या मधल्या वर्षांत कुणीतरी इथल्या उन्हात दुर्बीण लावून, पट्टी धरून पाण्याला दमवणार नाही अशी वाट शोधली. तीच वाट माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या गुडघ्यांना मानवते. त्या माणसांचे मी रोज आभार मानते.

कॅनॉलला पाण्याची पाळी सुटलेली होती, म्हणजे शेतीसाठी ठरल्या वेळी सोडतात ते पाणी. काठोकाठ नाही, पण चांगला भरून चालला होता. पाण्यावर वाफ तरंगत होती. डाव्या हाताला गहू निसवलेला, त्यापलीकडं ज्वारीची कणसं भरून मान टाकायला लागलेली. पाण्यात झेंडूची एक माळ वाहत चालली होती, कुणीतरी देवाचं निर्माल्य सोडलेलं. बराच वेळ ती माझ्या डोळ्यासमोर होती. मग मी तिला मागं टाकलं.

पुढं दोन-तीन किलोमीटरवर मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा, टायरमधून आरपार. इथं या काट्यापासून कुणाची सुटका नाही. भरावावरच सायकल उलटी केली, टायर सोडवला, ट्यूब काढून हवा भरली आणि कॅनॉलच्या कडेला बसून पाण्यात बुडवली. वीत वीत सरकवत गेले. व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची एक सरळ माळ वर यायला लागली. तिथं बोट दाबून धरलं, ओढणीच्या टोकानं पुसलं, पॉलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावलं आणि ते सुकेपर्यंत बसून राहिले. तेवढ्यात झेंडूची माळ आली, माझ्यासमोरून गेली आणि पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली.

चाक बसवून निघाले आणि दहा मिनिटांत वास आला.

आधी वास आला, बाग नंतर दिसली. मोसंबीच्या फुलांचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्यानं घेतला नाही त्याला मला सांगता येणार नाही. गोड असतो, पण त्याला सालीचा कडवट काठ असतो. सकाळच्या गार हवेत तो जमिनीलगत थांबतो, ऊन चढलं की उडून जातो. काचा लावलेल्या गाडीतून गेले असते तर आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या शेवटी येणारा फुलोरा, लागलाय हे मला कळलंही नसतं.

उतरून सायकल हातात धरून बांधाबांधानं गेले. खोडं कमरेपर्यंत बोर्डो पेस्टनं रंगवलेली, निळसर पांढरी. पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं केलेलं. जवळून एक फांदी पाहिली. कोवळी पोपटी पालवी, तिच्या बेचक्यात चार-पाच कळ्या मोत्यासारख्या गोल, आणि एक उमललेलं फूल. पाच जाड पाकळ्या, मेणाच्या वाटाव्यात अशा, मागं वळलेल्या. मधमाशी आत डोकं खुपसून बसली होती, मी श्वास सोडला तरी हलली नाही. आळ्यात कालच्या पाकळ्या पडून कडेनं तपकिरी झालेल्या.

एक बाबा चारीचं पाणी बागेत वळवत होते. फावडं टेकवून त्यांनी विचारलं, "ताई, कुठल्या तुमी? सायकलीवर कुठं निघाल्या?"

"पैठणची, बाबा. आपेगावला चाललेय."

"मोटरसायकल न्हाई का घरी?"

"आहे. आज सायकलच."

त्यांनी मान डोलावली. मी विचारलं, "ताण कधी तोडला?" म्हणजे बहारासाठी बंद ठेवलेलं पाणी पुन्हा कधी सुरू केलं.

हा प्रश्न ऐकून ते माझ्याकडं नीट बघायला लागले. "घरी बाग हाये जणू तुमच्या?"

"होती," म्हटलं.

आमची दोनशे झाडं होती. रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून कलम केलेली न्यूसेलर जातीची मोसंबी, अठरा बाय अठरा फुटांवर लावलेली. दादा, म्हणजे माझे वडील, काळ्या अ‍ॅटलस सायकलवर रोज शेतात जायचे. त्याच सायकलच्या दांडीमधून पाय घालून मी चालवायला शिकले. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला असं समजायचं. मग जानेवारीत खत घालून पहिलं हलकं पाणी, ते आंबवणीचं. चार-पाच दिवसांनी दुसरं, चिंबवणीचं. त्यानंतर पुरतं पाणी. आणि मग एका सकाळी सगळी बाग पांढरी. हे दादा इतक्या शांतपणे करायचे की लहानपणी मला वाटायचं, झाडं त्यांचं ऐकतात.

2012 साली पाऊस आलाच नाही म्हणावा असा आला. नाथसागर मृतसाठ्यात गेला, कॅनॉलला पाळी नाही, विहिरीनं तळ दाखवला. दादांनी टँकर घेतले. पैसे संपल्यावर सायकलच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून पाणी नेलं. दोनशे झाडांना दोन कॅन. मी म्हटलं होतं, दादा, आपण दर वर्षी ताण देतोच की, निघेल झाड यातून. ते म्हणाले, "तो उपास असतो, बाळा. ही उपासमार आहे." पुढच्या मे महिन्यात झाडं तोडली. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात कितीतरी बागा अशाच सरपणाला गेल्या.

हे सगळं मी त्या बाबांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "दुष्काळात गेली." ते म्हणाले, "आमची बी गेली व्हती. ही दुसरी लागवड हाये. औंदा पयलाच चांगला बहार." आणि वाकून पुन्हा पाण्याचं बारं फोडायला लागले. जाताना त्यांनी चहाला थांबा म्हटलं, पण पाणी चालू असताना शेतकऱ्याला अडकवून ठेवू नये.

कॅनॉल सोडून उतरणीच्या गाडीवाटेनं नदीकडं निघाले. काळी जमीन, दोन चाकोऱ्या, मधे गवताची पट्टी. डावीकडच्या चाकोरीत सायकल चांगली बसते. महिनाभरात नाथषष्ठी येईल, तेव्हा पैठणच्या चारी बाजूंच्या वाटांवरून दिंड्या पायी येतील. आमच्या भागाला ही चाल नवी नाही. ज्या माणसांनी ती सोडली त्यातली मीही एक होते, बारा-तेरा वर्षं.

आपेगावात माउलींच्या देवळात थोडा वेळ बसले. विठ्ठलपंतांचं हे गाव, ज्ञानदेवांचं जन्मस्थान म्हणून सांगतात. सावलीत फरशी गार होती. मग गोदाकाठी जाऊन भाकरी सोडली. बंधाऱ्यामुळं पात्रात पाणी तुंबलेलं, पलीकडच्या काठावर चक्रवाकाची जोडी. भगव्या रंगाचे ते मोठे बदक हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. एक उडाला की दुसरा लगेच त्याच्या मागं. कांदा बुक्कीनं फोडला, चटणीवर तेल नव्हतं, तरी भाकरी संपली.

परतीचं विशेष काही नाही. ऊन लागलं. एका ठिकाणी कुत्री मागं लागली, उतरून सायकल मधे घेतली तर गप्प झाली. पैठणच्या वेशीत शिरले तेव्हा साडेचार झाले होते. सगळे मिळून चाळीसेक किलोमीटर झाले असतील.

रात्री पिशवी झटकली तर तळाशी मोसंबीच्या दोन पाकळ्या निघाल्या, फांदी बघताना पडल्या असतील. वास उरलेला नव्हता. तरी वहीत ठेवल्या.

मग भावाला फोन लावला. शेत तोच बघतो, कापूस आणि तूर घेतो. म्हटलं, "विहिरीला पाणी किती आहे, मोजून सांग बरं."

"आता, ताई? अंधार पडलाय."

"सकाळी मोज. दोर घेऊन जा, अंदाजानं सांगू नको."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दोनशे नाही व्हायची."

"पन्नासचं बघ," मी म्हटलं.