पंचवीसपैकी सात

लेकीला दहावीला विज्ञानात चांगले मार्क पडले, म्हणून सायन्स. आमचा हिशोब एवढाच होता. अकरावीची पहिली युनिट टेस्ट झाली आणि फिजिक्सचा पेपर मला तिच्या डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्याखाली सापडला. २५ पैकी ७.

आम्ही भांडुपला राहतो. मी फोर्टात एका ऑफिसात बिलं करते. शिक्षण बी.कॉम., त्यामुळे माझा फिजिक्सशी संबंध दहावीलाच संपला. तिच्या बाबांची शिफ्ट ड्युटी. घरात शिकवणारं कोणी नाही, म्हणून क्लास शोधला. कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणाऱ्या इंटिग्रेटेडवाल्यांचा फीचा आकडा ऐकला, ग्लासभर पाणी प्यायले आणि घरी आले. शेवटी जवळचाच एक क्लास लावला. तिथे सर फळ्यावर भराभर डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता, लिहायचे, ही वहीत उतरवायची, दोघंही खूश. दुसऱ्या टेस्टला ९.

एका रविवारी तो पेपर घेऊन तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. हा प्रश्न काय विचारतोय ते तूच सांग." तिने इंग्रजीत घडाघडा वाचलं. "म्हणजे काय?" तर गप्प. रिटार्डेशन या शब्दावर गाडी अडली होती. अर्थ शोधला आणि ती एकदम ओरडलीच, "अगं आई, हे तर ऋण त्वरण!" मोमेंटम म्हणजे संवेग, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन. आमच्या बाईसाहेबांना सगळं येत होतं, फक्त मराठीत.

"मग वर्गात विचारायचं नाही का?"

"सगळे इंग्लिश मीडियमचे आहेत. विचारलं की वळून बघतात."

मला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. नववी-दहावीची पुस्तकं मी रद्दीसाठी बांधून ठेवली होती. नशीब, रद्दीवाला आला नव्हता. (रद्दीत गेली असली तरी बालभारतीच्या साइटवर पुस्तकं फुकट मिळतात.) मग ठरलं: अकरावीचा गतीचा धडा सुरू करायचा तर आधी नववीचा 'गतीचे नियम' वाचायचा, शब्दांच्या जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या, आणि मग इंग्रजी धडा. शिवाय रोज संध्याकाळी मी भाकऱ्या थापताना त्या दिवसाचा भाग मला मराठीत सांगायचा. मला खरंच कळत नसल्यामुळे मी "का?" विचारायचे, आणि तिसऱ्या 'का'ला ती अडकली की तिचं तिलाच कळायचं, पुस्तक उघडायचं.

हे जमल्यावरही उत्तरं चुकतच होती. मग चुकांची वही केली: चूक काय, आणि कशामुळे. महिनाभराने पाहिलं तर निम्म्याहून जास्त चुका फिजिक्सच्या नव्हत्याच. सेंटिमीटरचे मीटर केले नव्हते, कुठे वजाचं चिन्ह खाल्लं होतं, आणि बाकी सगळा लॉग टेबलचा, म्हणजे मोठे गुणाकार-भागाकार सोपे करणाऱ्या तक्त्याचा, घोळ. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि ते कॉलेजात कोणी नीट शिकवलंच नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी चहा संपेपर्यंत तिची चूक पकडली. ०.००४५ चा लॉग 'बार तीन पॉइंट ६५३२' येतो आणि ही सरळ उणे ३.६५३२ धरत होती. "अगं पोरी, बार म्हणजे उण्याची रेघ, ती फक्त तिनाच्या डोक्यावर आहे. पुढचं सगळं अधिक." त्या एका वाक्याने पुढच्या टेस्टला चार मार्क वाढले असतील.

मोजमापातल्या त्रुटींचा धडा मात्र सांगून डोक्यात शिरेना. तेव्हा दाराचं जुनं कुलूप दोऱ्याला बांधून खिडकीच्या ग्रिलला लटकवलं. दोरा ९० सेंटिमीटर. वीस झोके मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजले, ३९ सेकंद. लंबकाच्या सूत्रात टाकल्यावर g, म्हणजे गुरुत्व त्वरण, आला ९.३४. हवा होता ९.८. ती हिरमुसली. रात्री जेवताना उठून कुलपाला पट्टी लावली. लांबी गाठीपर्यंत नाही, कुलपाच्या मध्यापर्यंत धरायला हवी होती, म्हणजे आणखी ४ सेंटिमीटर. परत केलं, ९.७६. ताटातलं वरण गार झालं होतं, पण तिचा चेहरा बघण्यासारखा होता. शेजारच्या काकू विचारत होत्या, खिडकीला कुलूप का लावलंय.

मध्ये कोणीतरी तिला सांगितलं, सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीचं वेटेज फक्त २० टक्के, अकरावीवर वेळ घालवू नकोस. मला हा सल्ला मुळीच पटला नाही. अकरावीतले व्हेक्टर (सदिश राशी) कच्चे ठेवून बारावीच्या उरलेल्या ८० टक्क्यांचं करणार काय?

वार्षिकला फिजिक्समध्ये काठावरची भीती गेली, पहिल्या दहांत वगैरे नाही आली. आता बारावी सुरू आहे आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री रडवतेय. ते भाकऱ्या थापताना तोंडी सांगता येत नाही, नुसते बाण असतात सगळीकडे. परवा तिने ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने बाण काढून दाखवले. मला काही कळले नाहीत. उद्या परत काढणार आहे.