फॅमिली आहे, जाऊ द्या

आषाढ संपत आला की साताऱ्यात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, आणि श्रावण पाळणारे काय किंवा न पाळणारे काय, दोघेही गटारी मात्र सारख्याच निष्ठेने साजरी करतात. पावसाचे आणि धुक्याचे निमित्त असतेच. त्यामुळे कासच्या रस्त्यावरची हॉटेले त्या आठवड्यात भरून वाहतात. आमचा गोतावळाही यंदा यवतेश्वरच्या पुढे एका ठिकाणी जेवायला गेला होता. पुरुषमंडळी एका टेबलावर आणि आम्ही बायका-मुले दुसऱ्या, हे वेगळे सांगायला नको.

परतताना गाडी माझे पती चालवत होते. त्यांचे दोन लार्ज झालेले होते. घाटात धुके इतके होते की समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते, आणि वायपर चालू असूनही काच आतून पुन्हा पुन्हा धूसर होत होती. घाट उतरल्यावर बॅरिकेड लागले. आमच्या पुढच्या मोटारसायकलवाल्याला उतरवून यंत्रात फुंकायला लावले होते. हवालदारांनी आमच्या खिडकीतून बॅटरीचा झोत टाकला. तो आधी स्टिअरिंगवर, मग माझ्यावर, मग मागे सासूबाईंच्या मांडीवर झोपलेल्या माझ्या मुलीवर फिरला. "फॅमिली आहे, जाऊ द्या," ते सहकाऱ्याला म्हणाले, आणि आम्हाला, "सावकाश जावा."

पाठोपाठ आलेल्या धाकट्या भाऊजींनाही तसेच सोडले. घरी पोहोचल्यावर ते हसत म्हणाले, "वहिनी, तुम्हा लोकांना बरोबर घेतलं की टेन्शनच नसतं." सगळे हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण ज्यांच्या जिवाला सर्वात जास्त धोका होता त्यांच्याच चेहऱ्यांमुळे गाडी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मी कायदा वाचून काढला. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या 30 च्या आकड्याला आपल्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही. वास्तविक सत्तर किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी 60 मिलीचा एक लार्ज घेतला, तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. रक्तातले अल्कोहोल साधारणपणे तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास कमी होते. म्हणजे मध्यरात्री 100 वर असलेला माणूस पहाटे साडेचारच्या सुमारास कुठे 30 वर येतो. लिंबूपाणी, कॉफी, तोंडावर गार पाण्याचे हबके यांनी हा वेग वाढत नाही. बडीशेप आणि पान यांनी तोंडाचा वास झाकतो, पण यंत्र फुप्फुसातून आलेली हवा मोजते. भरपेट जेवणाने दारू रक्तात हळू उतरते एवढेच, ती नाहीशी होत नाही. आमच्या पुरुषांच्या टेबलावर हे सगळे उपाय अगदी अधिकारवाणीने सांगितले जात होते.

त्याच कायद्यात कलम 188 आहे. दारू पिऊन गाडी चालवण्यास जो प्रोत्साहन देईल, त्यालाही तीच शिक्षा आहे. नुसते शेजारी बसणे म्हणजे प्रोत्साहन नव्हे, हे मला कळते. तरीही ते कलम मी दोनदा वाचले.

कारण त्या गाडीत दारूचा थेंबही न घेतलेला, परवाना असलेला चालक हजर होता, आणि तो चालक म्हणजे मी. हीच गाडी घेऊन मी रोज महामार्गावरून, मालट्रकांच्या रांगांमधून कराडला नोकरीला जाते. पण नातेवाइकांबरोबर कुठे जायचे म्हटले की चावी आपोआप नवऱ्याच्या खिशात जाते, आणि मी डावीकडचे दार उघडते. मला कोणी मनाई केलेली नाही. पार्किंगमध्ये मी हात पुढे केला असता, तर भावांसमोर यांना कसेसे झाले असते आणि सासूबाई "घाट आहे, रात्रीचं तू कशाला?" असे म्हणाल्या असत्या, इतकीच ती अडचण. दोन लार्ज घेतलेल्या माणसापेक्षा सुनेच्या हातची गाडी घाटात जास्त धोक्याची वाटावी, हा हिशेब आपल्या कितीतरी घरांत बिनबोभाट चालतो. पोलिसांना दोष देणे सोपे आहे; पण त्यांनी जे खिडकीतून एका क्षणात केले, ते आम्ही वर्षानुवर्षे घरात करत आलो आहोत.

यांच्याशी बोलले तेव्हा ते आधी चिडले, मग गप्प झाले, आणि शेवटी एक गोष्ट त्यांनीच काढली: पिऊन झाल्यावर चावी मागू नकोस, तेव्हा मी देणार नाही. ते खरेच आहे. दारू आधी माणसाचा अंदाज बिघडवते, त्यामुळे आपण ठीक आहोत ही खात्री नेमकी तेव्हाच पक्की होते. म्हणून आता चावी टेबलावर बसण्यापूर्वीच माझ्या पर्समध्ये येते. भाऊजींनी पहिल्या वेळी भरपूर चिडवले. यांनी ऐकून घेतले, पण चावी परत मागितली नाही.

भाऊजींच्या घरी अडचण वेगळी होती, जाऊबाईंकडे परवानाच नव्हता. त्यांनी आता शिकाऊ परवाना काढला आहे. 30 दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, तोपर्यंत रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसते. चढावर गाडी मागे सरकते याची त्यांना अजून भीती वाटते. सासूबाईंचे म्हणणे असे की दोन्ही सुना गाड्या चालवणार असतील, तर मागच्या सीटवर पोरांची डोकी मांडीवर घेऊन बसायचे काम यापुढे त्यांच्या मुलांनी करावे.