तुम्ही विचारलंत म्हणून: रेडिओला पैसे देऊन मला काय मिळालं?

अमेरिकेतल्या पब्लिक रेडिओवर रविवारी रात्री हिंदुस्थानी संगीताचा एक तास असतो. त्याला मी चार वर्षं पैसे देते आहे; बदल्यात कार्यक्रमात माझ्या ऑफिसचं नाव घेतात. भेटेल तो विचारतो, ‘त्यातून क्लायंट किती आले?’ सात आले, दोन टिकले. हिशेब आणि टॅक्स हाच माझा धंदा आहे, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचा आहे हे मला समजावू नका.

मुळात ही जाहिरातच नाही. मी लिहून पाठवलं होतं: ‘विश्वासू सेवा, पहिली भेट मोफत, आजच फोन करा.’ स्टेशनने तिन्ही गोष्टींवर काट मारली. स्तुती, किंमत आणि आर्जव, एफसीसीच्या, म्हणजे प्रसारणावर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, नियमांत यातलं काहीच बसत नाही. टॅक्स कायद्याच्या ५१३(आय) कलमातही प्रायोजकाचे पैसे आणि जाहिरात यांच्यामध्ये हीच रेघ आहे. नाव, काम आणि नंबर तेवढा उरला.

दुसऱ्या वर्षी माझ्या सगळ्यांत मोठ्या क्लायंटच्या मुलीनं यमन रेकॉर्ड केला. ‘कार्यक्रम तुमचाच आहे ना, लावा की.’ मी हो म्हणून बसले आणि निवेदकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. तीन दिवसांनी म्हणाले, ‘गळा चांगला आहे, पण इतक्यात लावणार नाही. आणि असं काही असेल तर मला फोन करू नका.’ रात्री बागेश्री उलगडून सांगणारा तोच शांत आवाज. मी भडकले. ‘माझ्या पैशांवर चालतं हे,’ असं बोलून गेले. ते थोडं थांबले. ‘लोकांना हे कळलं तर मला कोण ऐकेल?’

क्लायंट गेला. मदत बंद करण्याची मेल मी लिहिली, पाठवली नाही. नवऱ्याला म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व कसलं! विलंबित संपल्यावर त्या आवाजात, एकाही विशेषणाशिवाय, माझ्या ऑफिसचं नाव ऐकायची सवय लागली होती. पण निव्वळ सवयच होती, असंही आज म्हणवत नाही. त्यांनी तो यमन लावला असता, तर मी पुढच्या वर्षी पैसे दिले असते का?

२०२५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सार्वजनिक प्रसारणाचे मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले. रक्कम वाढवता येईल का, असं स्टेशनने विचारलं आहे. फॉर्म टेबलावर आहे. नाव लिहिलंय, रकमेची जागा कोरी आहे.